नानांच्या तक्त्यातली माया

सुरुवातीलाच माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाशी माझं कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. मशीनवर टीप सरळ पडते, पण कागदावरची ओळ माझ्या हातून चढावर जाते. आणखी एक. हे मी मोजणीच्या जुन्या तक्त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिते आहे, त्यामुळे पलीकडच्या रेघा कुठे कुठे उमटून दिसतात. चार उभ्या आणि पाचवी आडवी. त्या माझ्या नाहीत, नानांच्या आहेत.

नाना कुणालाही रामराम करत नाहीत. समोर येईल त्याला एकच विचारतात, "कोठून उना, कोठे चालना?" म्हणजे कुठून आलात, कुठे निघालात. ते धुळ्याकडचे, म्हणून बोली तिकडची. दवाखान्यात सुई टोचायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनाही त्यांनी हेच विचारलं होतं. मागच्या लग्नसराईत एक नवरदेव घोड्यावर बसून आमच्या फाट्यावरून चालला होता. नाना उठून घोड्याच्या आडवे गेले. नवरदेवानं मुंडावळ्या बाजूला सारून गावाचं नाव सांगितलं, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. नानांनी वहीत एक रेघ ओढली. घोडा कुठल्या रकान्यात घालायचा यावर मात्र ते संध्याकाळपर्यंत विचार करत होते. शेवटी बैलगाडीत घातला.

आमच्या फाट्यावर तीन रस्ते भेटतात. एक यावलचा, एक भुसावळचा, एक जळगावचा. तिथे निंबाखाली आमच्या ह्यांचं पंक्चरचं दुकान आहे, आणि दुकानाच्या मागच्या अंगाला पडदा लावून माझं शिलाई मशीन. मी गिऱ्हाईकांशी फार बोलत नाही. माप घेते, तारीख सांगते, झालं. नाना सात-आठ वर्षांपूर्वी आले ते एक लोखंडी खुर्ची घेऊन. जळगावच्या कुठल्या कंपनीला रस्त्यांची मोजणी करून द्यायची होती आणि नाना त्यांचे रोजावरचे मोजणीदार. सावली फक्त आमच्याच निंबाची. ह्यांनी विचारलं, "किती दिवस बसनार, नाना?" नाना म्हणाले, "सात दिन." ते अजून उठलेले नाहीत. गावात एक खोली भाड्यानं घेतली आणि कंपनीचं काम असो नसो, सकाळी खुर्चीत हजर.

त्यांच्या हातात एक टिकटिकी असते. अंगठ्यानं दाबली की टिक् वाजतं आणि आकडा एकानं वाढतो. दुपारी ऊन चढलं की डांबर पाण्यासारखं हलायला लागतं, केळीच्या बागांवरून गार-ओली झुळूक येते, माझ्या मशीनचा आवाज मलाच गुंगी आणतो. अशा वेळी नाना खुर्चीत डोळे मिटून असतात. झोपलेत म्हणावं, तर अंगठा चालू. "यावलनी ट्रक. केळी भरेल शे. भुसावळले वळी." मी पडदा सारून बघायची. ट्रक यावलकडूनच यायचा, केळीनं भरलेला असायचा, आणि झोपेत बोलल्यासारखा सावकाश भुसावळकडे वळायचा. भरलेली गाडी खड्ड्यात दमून उतरते आणि रिकामी हसत उतरते, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून मलाही रिकाम्या ट्रकचं हसू ऐकू येतं.

पण गाड्या मोजणं हे नानांच्या लेखी बिगारी काम होतं. खरं काम पुढे. ते म्हणायचे, रस्त्यावर गाडी दिसते, तिचं गाव दिसत नाही. ते गणितानं काढायचं. "बठ्ठं रस्तावर शे. फक्त वाचता येवाले जोयजे." सगळं रस्त्यावर आहे, वाचता यायला हवं.

हे वाचणं आमच्या घरात एकदा महागात पडलं. हे मोटारसायकलवर ट्यूब आणायला भुसावळला गेले. तासाभरानं परतले, मी पाणी दिलं, आणि निंबाखालून नाना शांतपणे म्हणाले, "भुसावळले गयथा ना भाऊ? मग यावलना रस्ताथून कसा उना?" यावलला ह्यांचा एक मित्र आहे, आणि त्याच्याकडे पत्ते खेळतात. हे म्हणाले, "भो नाना, तुम्ही बसता आमच्याच सावलीत." नाना म्हणाले, "गणित बोलनं, मी नही." दोन दिवस हे नानांशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच विचारायला गेले की समजा, एखादा माणूस जळगावच्या रस्त्यानं फिरून आला तर मोजणीत कसा दिसतो.

गावात लग्न निघालं की आचारी आधी नानांना भेटायचा. कुठल्या गावाहून किती पाहुणे येतील ते नाना फाट्यावरच्या वर्दळीवरून सांगायचे आणि तेवढ्याच पुऱ्या लाटल्या जायच्या. पाटलांच्या लग्नात त्यांचा अंदाज अगदी बरोबर निघाला. शेवटच्या पंगतीत एक माणूस तेवढा जास्त झाला. ते स्वतः नाना होते. सगळ्या गावांची माणसं धरली, स्वतःला धरायचं राहिलं. मी घरून भाकरी नेऊन दिली. ते खात खात म्हणाले, "मोजणारा मोजणीमा येत नही, माय." मला ते माय म्हणतात.

तक्ता म्हणजे काय हे मला त्यांनी एका दुपारी दुकानासमोरच्या फरशीवर खडूनं आखून दाखवलं. डाव्या हाताला वरून खाली गावं, कुठून निघाले ती. वरच्या बाजूला तीच गावं, कुठे गेले ती. मध्ये चौकोन. चौकोनाला नाना घर म्हणतात. यावलच्या ओळीत आणि भुसावळच्या रांगेत जे घर, तिथे यावलहून भुसावळला गेलेली माणसं. आडवी बेरीज, उभी बेरीज. बेरीज मला येते.

"पण मोजनी काय सांगस?" नाना म्हणाले. मोजणी फक्त कडेच्या बेरजा सांगते. यावलकडून शंभर आले, साठ भुसावळकडे वळले, चाळीस जळगावकडे. आतल्या घरांत कोण कुठलं ते सांगत नाही. त्या साठांतला एखादा यावलच्याही मागून, डोंगरातून आलेला असेल, आणि एखादा भुसावळला न थांबता पार बोदवडला जाणार असेल. आत हजार तऱ्हेनं भरा, कडेची बेरीज तीच येते. मग खरं कुठलं? त्यासाठी जुना तक्ता लागतो. फार वर्षांपूर्वी नानांनी गाड्या थांबवून, माणसांना विचारून भरलेला. त्यातली घरं गुणाकारानं थोडी वाढवायची, थोडी आवळायची, आडवं बसवायचं, मग उभं, परत आडवं, जोवर कडेच्या बेरजा आजच्या मोजणीशी जुळत नाहीत तोवर.

मी म्हटलं, "म्हणजे जुना ब्लाउज नव्या मापाला बसवायचा."

नानांनी खडू खाली ठेवला. माझ्याकडे कुणी असं बघितलेलं मला आठवत नाही. "सांग, सांग," म्हणाले.

मला बोलायची सवय नाही, तरी सांगितलं. ब्लाउज शिवताना शिलाईच्या आत थोडं जास्तीचं कापड सोडतात. बाई पुढे अंगानं भरली तर टीप उसवून तेवढं मोकळं करता येतं. त्या कापडाला माया म्हणतात. माया सोडली नसेल, तर कितीही हुशार शिंपी असो, त्याला काही करता येत नाही.

"माया," नाना म्हणाले. परत एकदा म्हणाले. मग फरशीवरच्या एका घरात त्यांनी शून्य काढलं. शून्याला कशानंही गुणा, शून्यच. नव्या मोजणीत माणसांचा पूर आला तरी जुन्या तक्त्यात जिथे शून्य आहे, ते घर कधी उघडत नाही. "शून्य लिखं का शून्यच ऱ्हास. माया नही ना त्यामा." चाळीस वर्षं ते ही गोष्ट साहेबलोकांना समजावत होते म्हणे, आणि तिला नाव सापडत नव्हतं.

त्या दिवसापासून दर वाक्यात माया. ह्यांनी टायरमध्ये हवा जास्त भरली की, "माया ठेव, भाऊ." चहा काठोकाठ आला की, "माया नही." रात्री अंथरुणावर पडले की मला ती घरं दिसायची. सगळ्या गावांतून दोरे निघालेत, केळीच्या बागांवरून, तापीवरून, हवेत तरंगत एकमेकांना टाके घालत चाललेत, आणि सगळे आमच्या निंबावरून जातात.

नानांचा मोठा तक्ता पत्र्याच्या पेटीत असतो. एकदा त्यांनी तो कोपरे दाबायला माझ्या हातात दिला, तेव्हा मला ते घर दिसलं. बोदवडची ओळ, आमच्या फाट्याची रांग. म्हणजे बोदवडहून निघून खास आमच्या फाट्यावर उतरणारी माणसं. बाकी सगळे आकडे निळ्या शाईचे, ह्या घरात लाल शाईचा एक. नाना फाट्यावर उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारतात, हे मला माहीत. बोदवडहून कुणी उतरल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. आणि नाना खोटी रेघ ओढत नाहीत, हेही मला माहीत. ह्यांची पत्त्यांची फेरीसुद्धा त्यांनी तक्त्यातून गाळली नव्हती.

मी विचारलं, "नाना, हा एक कोण?"

त्यांनी तक्ता घडी घालून पेटीत ठेवला.

मागच्या उन्हाळ्यात कंपनीनं नवी मोजणी काढली. एका सोमवारी तरुण साहेब लॅपटॉप घेऊन निंबाखाली बसले. माणूस चांगला, नानांना खुर्ची देऊन स्वतः टायरवर बसला. त्यांच्या कॉम्प्युटरलाही आधी एक जुना तक्ता भरवावा लागतो आणि तो फक्त नानांकडे. साहेब घरामागून घर तपासत गेले आणि लाल एकापाशी थांबले.

"नाना, हा एक कुठून आणला? तुमच्या वह्यांत बोदवडहून इथे उतरलेलं कुणीच नाही."

"ती माया शे, साहेब."

"काय?"

"घर बंद नका करू."

साहेब हसले नाहीत. म्हणाले, "तुमचे बाकीचे आकडे मी डोळे मिटून घेतो. पण एक आकडा बिनपुराव्याचा निघाला तर सगळ्या तक्त्यावर बोट ठेवतील. गुरुवारी पाठवायचा आहे. तोवर पुरावा द्या, नाहीतर मी शून्य करतो. आणि एकदा शून्य झालं की पुढच्या मोजणीलाही हाच तक्ता वापरणार."

साहेब गेल्यावर नानांचा अंगठा थांबला. दोन ट्रक गेले, एक एसटी गेली, टिक् वाजलं नाही. मी पाणी घेऊन गेले. तेव्हा त्यांनी रस्त्याकडे बघत सांगितलं.

त्यांची मुलगी उषा बोदवडला दिली आहे. नवऱ्याची स्टेशनाजवळ पिठाची गिरणी. बारा वर्षांपूर्वी लग्न झालं. पाठवणीच्या वेळी सगळे रडत होते आणि उषानं गाडीतून मागे पाहिलं तर बाप रस्त्याच्या कडेला उभा, हातात टिकटिकी. ती काच खाली करून म्हणाली, "आबा, माझीबी एक रेघ ओढी ठेवा." तेव्हापासून ती माहेरी आली नाही. पुढे आई गेली, तेव्हा नदीवरूनच परत फिरली. बापाशी बोलली नाही.

"बावीस गाड्या व्हत्यात वऱ्हाडन्या," नाना म्हणाले. "मी एकच दाबी. तिनी." हाताला काही धरायला हवं होतं, म्हणाले.

आता माझं सांगते. मी एकटी भुसावळच्या पुढे कधी गेले नव्हते. मंगळवारी सकाळी ह्यांना म्हटलं, अस्तर आणायला जाते. बागेतल्या केळ्यांची एक फणी नानांच्या वाया गेलेल्या मोजणीच्या कागदात गुंडाळली आणि एसटीत बसले. भुसावळला बोदवडची एसटी डोळ्यांसमोरून निघून गेली. मग काळी-पिवळीत बसले. एसटीत बायांना अर्धं तिकीट, काळी-पिवळीला ते काय ठाऊक. बोदवडला उतरले तेव्हा परतीला पैसे पुरत नाहीत हे लक्षात आलं. ज्या बाईला आडव्या-उभ्या बेरजा येतात, तिची ही गत.

गिरणी सापडली. उषाताई पिठानं पांढऱ्या झालेल्या दारात उभ्या होत्या. सबंध रस्ताभर जुळवलेलं माझ्या तोंडून निघेना. मी केळी पुढे केली. त्यांनी कागद सोडवला आणि केळी बाजूला ठेवून कागदच बघत राहिल्या.

"ह्या रेघा आबांच्या. पाचवी एवढी लांब तेच ओढतात." मग म्हणाल्या, "अजून मोजतात?"

"हो."

"मोजू द्या. माझ्या लग्नात पण मोजत होते. बावीसच्या बावीस मोजल्या असतील, काय?"

"एकच," मी म्हटलं. "तुमची."

त्या आत गेल्या. गिरणी चालू होती, पट्टा फटफट वाजत होता, पिठाचा धूर उन्हात तरंगत होता. मला वाटलं, आता बाहेर येणार नाहीत. बऱ्याच वेळानं चहा घेऊन आल्या. कप काठोकाठ भरलेला नव्हता. मी लाल एकाचं सांगितलं, गुरुवारचं सांगितलं. निघताना मान खाली घालून परतीच्या पैशांचं सांगितलं. त्यांनी पन्नासची नोट दिली.

"परत करीन," मी म्हटलं.

"तुमच्या मालकांच्या फोनवरून पाठवा. आमचा नंबर पाटीवर आहे."

ह्यांचा फोन चांगला चालू आहे, दिवसभर त्यावर गाणी लागलेली असतात. मी म्हटलं, "त्यांचा फोन बंद पडलाय."

"मग पैशांसाठी मलाच यावं लागेल की," त्या तिरकस म्हणाल्या.

"या ना," मी म्हटलं.

दुपारी चारच्या एसटीनं फाट्यावर उतरले. नाना वही घेऊन पायरीशी उभेच. उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारतात, त्यात मी आले. "कोठून उनी, माय?"

"बोदवडहून."

एसटी निघून गेली. धूळ खाली बसेपर्यंत ते माझ्याकडे बघत होते. कशाला गेले, कुणाला भेटले, काही विचारलं नाही. पेन्सिल टेकवली, उचलली, परत टेकवली आणि एक रेघ ओढली. ती अगदी हलकी होती, आणि तिच्याकडे बघून तेवढ्याच हलक्या आवाजात म्हणाले, "कोठे चालनी?"

"घरी."

गुरुवारी साहेबांनी वही पाहिली. "आला की एक. कोण हो?" नाना म्हणाले, "मोजनीमा नाव नही ऱ्हात, साहेब." एक राहिला. फक्त लालचा निळा झाला.

त्यानंतर महिना गेला, दुसरा गेला. त्यांची नोट भाड्यात गेली होती, म्हणून परत द्यायची पन्नासची दुसरी नोट मी मशीनच्या खणात, दोऱ्याच्या रिळाखाली ठेवली होती. अस्तराला पैसे कमी पडले तरी तिला हात लावला नाही. ह्यांना कळलं तेव्हा म्हणाले, "मी पाठवतो ना फोनवरून, एका मिनिटात." मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर डोळे वटारले. ते पंक्चर काढायला निघून गेले.

मग एक दुपार. पाऊस होऊन गेला होता, रस्ता धुतलेला, झाडं ठिबकत होती. नाना डोळे मिटून खुर्चीत. भुसावळकडून एसटी आली, थांबली, गेली. नाना डोळे न उघडता म्हणाले, "एक उतरनं. बाईमाणूस. चप्पल नवी शे." अंगठा टिकटिकीवर ठेवलेला. पावलं निंबापर्यंत आली आणि अंगठा दाबायचा राहिला.

उषाताई समोर उभ्या होत्या. "का हो आबा," म्हणाल्या, "मला नाही इचारत?"

नानांनी डोळे उघडले नाहीत. उघडले तर कुणी नसेल असं वाटलं असेल. खूप सावकाश म्हणाले, "कोठून उनी?"

"बोदवड."

"कोठे चालनी?"

"आठेच."

आठेच म्हणजे इथेच. नानांच्या मांडीवरून टिकटिकी घरंगळली आणि चिखलात पडली. ती दोघांनीही उचलली नाही. मी पडदा ओढून घेतला आणि मशीन सुरू केलं. बिनदोऱ्याचंच चालवत होते, हे नंतर लक्षात आलं.

संध्याकाळी उषाताई पडदा सारून आत आल्या. नाक लाल झालेलं. "माझे पैसे," म्हणाल्या. मी रीळ उचललं आणि ती नोट त्यांच्या हातावर ठेवली. पूर्ण पन्नास.